‘रिपोर्ट नॉर्मल, मग दुखतंय कुठे?’

नवी मुंबईच्या महापे एमआयडीसीत नोकरी करणाऱ्यांच्या घरांतून एक संवाद हमखास ऐकू येतो. बाईचं अंग महिनोन्‌महिने ठणकतंय, आठ तास झोपूनही सकाळी उठवत नाही. सीबीसी, ईएसआर, थायरॉइड, सगळं नॉर्मल. डॉक्टर फायब्रोमायल्जियाचं निदान करतात, औषधांसोबत मानसोपचार सुचवतात. त्यावर घरचे म्हणतात, “बघ, तुला काही झालेलंच नाही. सगळं मनाचं आहे.”

गैरसमज : मानसोपचार सुचवला, म्हणजे दुखणं खोटं.

वस्तुस्थिती : साफ चूक. 2002 साली ग्रेसली यांच्या गटाने अमेरिकेत रुग्णांच्या अंगठ्याच्या नखावर मोजून दाब दिला आणि मेंदूचं एफएमआरआय काढलं. जेवढ्या दाबाला रुग्ण कळवळले, तेवढंच दुखायला निरोगी माणसांना बराच जास्त दाब लागला. मेंदूच्या स्कॅनमध्येही तेच दिसलं; हे नाटक नव्हे. इजा नाही, नस दबलेली नाही, तरी वेदनेची यंत्रणाच बिघडलेली, असा वेदनेचा तिसरा प्रकार आंतरराष्ट्रीय वेदना-अभ्यास संघटनेने 2017 मध्ये मान्य केला. रक्ताच्या तपासणीत तो दिसणार कसा?

मग बोलून काय होणार? नुसतं बोलायचं नसतंच. रविवारी जरा बरं वाटलं की आठवड्याचं धुणं, पंखे पुसणं, डबे घासणं एका दमात उरकायचं आणि सोमवारी-मंगळवारी अंथरूण धरायचं, हे चक्र ओळखीचं असेल. सीबीटी या मानसोपचार पद्धतीत ते आधी वहीत उतरवतात : कोणतं काम, किती मिनिटं, नंतर दुखणं दहापैकी किती. मग ठरवून पंधरा-वीस मिनिटंच काम. बरं वाटत असलं तरी थांबायचं. हेच सगळ्यात जड जातं. ‘मी आता कायमची निकामी होणार’ हा विचारही त्याच वहीतल्या नोंदींवर तपासला जातो. जोडीला झोपेची शिस्त.

हा चमत्कार नव्हे. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2013 च्या आढाव्यात सीबीटीच्या 23 चाचण्या तपासल्या; वेदना, मनःस्थिती आणि रोजचं काम यांत फरक पडला, पण थोडा. थोडा म्हणजे शून्य नाही.

आणखी काही :

‘हा बायकांचाच आजार.’ पुरुषांनाही होतो.

‘आराम करा, बरं वाटेल.’ युरोपीय संधिवात संघटनेच्या 2017 च्या शिफारशींत सर्वांत ठाम शिफारस व्यायामाची आहे.

‘डिप्रेशनची गोळी दिली, म्हणजे डिप्रेशनच.’ ड्युलोक्सेटिन या डिप्रेशनच्याच गोळीला अमेरिकेत 2008 साली खुद्द फायब्रोमायल्जियासाठी मान्यता मिळाली.

‘असले उपचार इंग्रजीतच.’ शेजारच्या ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही संस्था 1990 पासून मराठीतून मानसिक आरोग्याचं काम करते आहे. दुखण्याने मन खचलं असेल, तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीत बोलता येतं.

समुपदेशकाला पहिल्याच भेटीत विचारा : जुनाट वेदनेचे रुग्ण पाहिलेत का? घरी करायला काय देणार? “पॉझिटिव्ह राहा” एवढंच उत्तर आलं, तर सरळ दुसरा तज्ज्ञ शोधा.