मुखपृष्ठामागची पाने

भारतात तयार झालेल्या 1338 मूकपटांपैकी अवघे 29 आज उपलब्ध आहेत आणि त्यांतीलही अनेक तुकड्यांच्या रूपातच उरले आहेत, असे मुंबईची फिल्म हेरिटेज फाउंडेशन ही संस्था सांगते. त्यामुळे जुन्या चित्रपट-नियतकालिकांचा संग्रह हा वरवर छंद दिसत असला, तरी प्रत्यक्षात ते इतिहासाची साधने वाचवण्याचे काम आहे. 14 मार्च 1931 रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात प्रदर्शित झालेल्या ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत शिल्लक नाही, आणि त्याचा मागोवा जाहिराती, छायाचित्रे व पुस्तिका अशा कागदांवरूनच घ्यावा लागतो.

बाबुराव पटेल यांनी 1935 मध्ये मुंबईत सुरू केलेल्या ‘फिल्मइंडिया’ या इंग्रजी मासिकाचे अंक संग्राहक आवर्जून शोधतात, ते पुष्कळदा एस. एम. पंडितांसारख्या चित्रकारांनी रंगवलेल्या मुखपृष्ठांसाठी. दुर्दैवाने हीच मुखपृष्ठे अंकांच्या मुळावर उठतात, कारण सुटे चित्र चौकटीत घालून सहज विकले जाते आणि उरलेली पाने रद्दीच्या तराजूत पडतात. वर्षाचे अंक एकत्र बांधताना जाहिरातींची पाने काढून टाकण्याची जुनी पद्धतही तितकीच घातक ठरली, कारण कोणता चित्रपट निर्मितीत होता आणि तो कुठे लागला, हे बहुधा त्याच पानांवर असते. 1920 पासून निघणाऱ्या ‘अमेरिकन सिनेमॅटोग्राफर’सारख्या छायालेखनविषयक मासिकातल्या कॅमेरे आणि भिंगांच्या जाहिरातीही अशाच बोलक्या असतात.

दुरुस्तीच्या टेबलावर सगळे लक्ष खिळते ते अंकाची पाने धरून ठेवणाऱ्या गंजलेल्या पिनेवर. कारागीर तिचे वाकलेले पाय बोथट पात्याने सरळ करतो, ती मागच्या बाजूने अलगद सोडवतो आणि भोवतालचा तपकिरी, ठिसूळ कागद बोटाने न दाबता मऊ कुंचल्याने झाडतो. लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या कागदातील लिग्निन हे द्रव्य कालांतराने आम्ल निर्माण करते आणि पान पिवळे पडते. जुन्या गठ्ठ्यांतून येणारा तो आंबूस, किंचित गोडसर वास या विघटनाचाच असतो. गव्हाच्या खळीने पातळ जपानी कागद लावून फाटलेली कड जोडता येते, पण गुळगुळीत आर्ट पेपर एकदा भिजला, की पाने एकमेकांना चिकटून त्यांचा ठोकळा होतो आणि ती सोडवताना छपाई निघून येते.

उरलेल्या मूकपटांचा 29 हा आकडा लक्षात घेतला, तर 1964 मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने त्याचे प्रमुख पी. के. नायर यांच्या काळात चित्रफितींबरोबर छापील साहित्यही का जमवले, हे उमगते. जाहिरातींच्या पानांना कित्येकदा वेगळे क्रमांक असतात किंवा क्रमांकच नसतात. म्हणून संग्राहकाने नोंदवहीत ‘पूर्ण अंक’ असे लिहिण्यापूर्वी मुखपृष्ठाकडे न पाहता पिनेच्या दोन्ही बाजूंची पाने जुळतात का, हे तपासले पाहिजे.