शॉकअप गळतो तेव्हा

बाजारात किंवा शाळेबाहेर उभ्या असलेल्या मोटारसायकलींच्या पुढच्या चाकाकडे एकदा बारकाईने पाहा. चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक जोडनळी दिसेल. वरची नळी बारीक, पोलादाची आणि क्रोमियमच्या मुलाम्यामुळे आरशासारखी चकचकीत असते. ती खालच्या जाड नळीत वर-खाली सरकते. यालाच पुढचा फोर्क किंवा गॅरेजच्या भाषेत ‘पुढचा शॉकअप’ म्हणतात. एखाद्या गाडीच्या चकचकीत नळीवर तेलाचे ओघळ आणि त्यावर धुळीचा काळा थर दिसला, तर त्या गाडीचे ‘ऑइल सील’ गेले आहे असे समजावे.

अशा वेळी गाडीच्या मालकापुढे दोन मार्ग असतात. गाडी मेकॅनिककडे द्यायची किंवा सील आणून ते घरीच बदलायचे. सीलची किंमत थोडी असते. बिलाचा मोठा भाग मजुरीचा असतो. म्हणून हा प्रश्न पैशांचा आहे असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात तो पदार्थविज्ञानाचा आहे. शॉकअपच्या आत काय चालते हे कळले, की यातले कोणते काम आपले आणि कोणते मेकॅनिकचे हे ठरवणे सोपे जाते.

शॉकअपच्या पोटात

प्रत्येक जोडनळीत एक लांब कमान आणि थोडे तेल असते. चाक खड्ड्यात आदळले की कमान दबते आणि धक्क्याची ऊर्जा साठवून ठेवते. पण साठवलेली ऊर्जा कमान लगेच परत करते. नुसती कमान असती, तर एका खड्ड्यानंतर गाडी कितीतरी वेळ वर-खाली नाचत राहिली असती. हे नाचणे थांबवण्याचे काम तेल करते. नळी सरकताना तेलाला बारीक छिद्रांतून जावे लागते. त्या वेळी तेलाच्या श्यानतेमुळे, म्हणजे दाटपणामुळे, विरोध निर्माण होतो आणि गतिज ऊर्जेची उष्णता होते. यालाच दोलनांचे अवमंदन म्हणतात. जर्मनीच्या बी. एम. डब्ल्यू. कंपनीने १९३५ साली आपल्या आर-१२ आणि आर-१७ या मोटारसायकलींना तेलाने अवमंदन होणारा, एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा फोर्क बसवला. आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक मोटारसायकलींच्या फोर्कचे मूळ तत्त्व तेच आहे.

तेल कमी झाले की अवमंदन कमी होते. चाक रस्त्यावर टेकून न राहता उड्या मारू लागते, आणि उडालेल्या चाकाला ब्रेक लावून उपयोग नसतो. याहून मोठा धोका म्हणजे गळलेले तेल ओघळून पुढच्या ब्रेकवर जाणे. समजा, गाडी ताशी ५० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १३.९ मीटर वेगाने चालली आहे. ब्रेकमुळे मिळणारे मंदन ६ मीटर प्रति सेकंद वर्ग असेल, तर v²/२a या सूत्राने गाडी सुमारे १६ मीटरांत थांबेल. तेलामुळे घर्षण घटून मंदन निम्मे झाले, तर तिला ३२ मीटर लागतील. या जादा १६ मीटरांत रस्ता ओलांडणारे एखादे मूल असू शकते. म्हणून गळका शॉकअप ‘पुढच्या महिन्यात पाहू’ असे म्हणून सोडून देऊ नये.

रबराची एक कडी

हे तेल अडवून धरते ती एक लहानशी कडी. तिच्या आत पोलादी कडे असते, वर रबर असते आणि रबराला आतल्या बाजूने एक पातळ ओठ असतो. ओठाचा व्यास नळीच्या व्यासापेक्षा किंचित कमी ठेवलेला असतो. शिवाय ओठाभोवती केसासारख्या बारीक तारेची गोल कमान असते. त्यामुळे ओठ नळीला सतत दाबून बसतो.

साधे नैसर्गिक रबर इथे चालत नाही. ते खनिज तेल शोषून फुगते आणि मऊ पडते. म्हणून नायट्राइल नावाचे कृत्रिम रबर वापरतात. त्याच्या रेणूंत विद्युतध्रुवीय गट असतात आणि तेलाचे रेणू अध्रुवीय असतात. दोघांचे सहजी जमत नाही, म्हणून तेल रबरात शिरत नाही.

सील नळी अगदी कोरडी करत नाही. तेलाचा अतिशय पातळ पापुद्रा नळीवर राहतो आणि तोच ओठाला वंगण पुरवतो. बोटाला जाणवेल न जाणवेल असा ओलसरपणा म्हणजे गळती नव्हे. ओघळ आला, तर मात्र गळती झाली.

गळतीचे मूळ कोठे?

सील गळण्याची मुख्य कारणे तीन. पहिले, धूळ किंवा वाळूचा कण ओठाखाली अडकणे. दुसरे, रबर जुने होऊन कडक पडणे किंवा फाटणे. तिसरे, चकचकीत नळीवर गंजाचे खड्डे किंवा ओरखडे पडणे.

पहिल्या कारणासाठी सील बदलण्याची गरजच नसते. वरचे धूळरोधक रबर हळूच उचलावे, जागा पुसावी आणि कापलेल्या एक्स-रे फिल्मची गुळगुळीत पट्टी ओठाखाली सरकवून नळीभोवती एक फेरी फिरवावी. पुष्कळदा अडकलेला कण बाहेर येतो आणि गळती थांबते. हे काम घरी कोणालाही करता येईल.

तिसऱ्या कारणासाठी नुसते सील बदलून काहीच साधत नाही. नळीवरून नख फिरवा. नख अडकले, तर तो खड्डा प्रत्येक धक्क्यागणिक नव्या सीलचा ओठ कापणार. अशी नळी बदलावी लागते किंवा तिच्यावर पुन्हा मुलामा चढवून घ्यावा लागतो. नळी न तपासता सील बदलले, तर ते घरी बदलले काय किंवा गॅरेजमध्ये बदलले काय, थोड्याच दिवसांत पुन्हा गळू लागते आणि खर्च दुप्पट होतो.

स्वतः करावे की मेकॅनिककडे जावे?

आता दुसऱ्या कारणाकडे, म्हणजे सील खरोखरच बदलायचे असेल तेव्हाच्या कामाकडे वळू. यात तीन जागा अवघड आहेत.

पहिली जागा वरच्या झाकणाची. झाकणाखाली कमान दाबून बसवलेली असते. समजा, कमानीचा बलस्थिरांक ६ न्यूटन प्रति मिलिमीटर आहे आणि ती २५ मिलिमीटर दबलेली आहे. तिच्यात ½kx² या सूत्राने सुमारे १.९ ज्यूल ऊर्जा असेल. ही सगळी ऊर्जा ५० ग्रॅमच्या झाकणाला मिळाली, तर त्याचा वेग सेकंदाला साडेआठ मीटरांहून अधिक होईल. प्रत्यक्षात कमानीलाही स्वतःचे वजन असल्यामुळे वेग याहून कमी राहतो. तरी डोळ्याला इजा होण्याइतका तो नक्की असतो. म्हणून झाकण उघडताना तोंड त्यावर धरू नये, झाकण तळहाताने दाबून धरावे आणि चष्मा लावावा.

दुसरी जागा तळाच्या बोल्टची. हा बोल्ट आतल्या एका दांड्यात बसलेला असतो. पाना फिरवला की दांडाही बोल्टबरोबर फिरतो आणि बोल्ट सुटत नाही. यावर उपाय घर्षणाचा आहे. कमान आत असताना ती दांड्याला दाबून धरते, म्हणून तळाचा बोल्ट वरचे झाकण काढण्याआधीच सैल करावा. एवढ्याने भागले नाही, तर मेकॅनिकजवळ झटक्याने फिरणारे यंत्र किंवा दांडा धरण्याचे खास अवजार असते. घरी ते नसते.

तिसरी जागा तेलाच्या मापाची. ‘थोडे जास्त घातले तर काय बिघडले?’ असे पुष्कळ जण म्हणतात. बॉइलच्या नियमाने याचे उत्तर काढू. नळीचा बाहेरचा व्यास ३० मिलिमीटर आणि तिची हालचाल १२० मिलिमीटर धरली, तर शॉकअप पूर्ण दबताना आतले आकारमान सुमारे ८५ मिलिलिटरने घटते. तेल दबत नाही, म्हणून ही सारी घट हवेलाच सोसावी लागते. समजा, मोकळ्या स्थितीत आत १३० मिलिलिटर हवा आहे. दबल्यावर ती ४५ मिलिलिटर उरेल, म्हणजे दाब सुमारे २.९ पट होईल. आता २५ मिलिलिटर तेल जास्त घातले, तर हवा १०५ वरून २० मिलिलिटरवर येईल आणि दाब सव्वापाच पट होईल! नव्याकोऱ्या सीलवर प्रत्येक मोठ्या खड्ड्यात हा जादा भार पडेल. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत दिलेले तेलच घ्यावे आणि तेवढेच मापाने घालावे. दोन्ही बाजूंचे तेल सारखे असावे आणि सीलही जोडीने बदलावे.

यावरून निर्णय असा करता येईल. गाडी साध्या फोर्कची असेल, नळी गुळगुळीत असेल, गाडी पक्की उभी करण्याची सोय असेल, पुस्तिका, मापाचे भांडे आणि बोल्ट ठरावीक बलाने आवळणारा टॉर्क पाना मिळत असेल, तर घरातल्या जाणत्या माणसाने सील बदलायला हरकत नाही. सील बसवताना त्याला तेल लावावे, नळीच्या धारदार टोकावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवावी आणि योग्य मापाच्या नळकांड्याने सील सर्व बाजूंनी सारखे ठोकत बसवावे. एका बाजूने ठोकले, तर ते तिरपे बसते. तुम्ही विद्यार्थी असाल, तर मोठ्यांच्या हाताखाली राहून हे काम शिका. एकट्याने करू नका.

पण चकचकीत नळी खाली आणि जाड नळी वर असलेला उलटा फोर्क असेल, नळी वाकलेली असेल किंवा ब्रेकच्या पॅडला तेल लागले असेल, तर गाडी मेकॅनिककडेच न्यावी. तेल लागलेले पॅड पुसून पुन्हा वापरू नयेत. मेकॅनिकला आपण पैसे देतो ते नुसत्या पाने फिरवण्याचे नसतात. योग्य अवजारांचे आणि शेकडो शॉकअप उघडलेल्या हाताचे असतात. मात्र त्यालाही तीन प्रश्न अवश्य विचारा: नळी तपासली का? तेल मापून घातले का? जुने सील दाखवाल का? चांगल्या कारागिराला अशा प्रश्नांचा राग येत नाही.

काम कोणीही केले, तरी रस्त्यावर जाण्यापूर्वी चाकाचा आस घट्ट आहे ना आणि पुढचा ब्रेक नीट लागतो ना हे पाहावे. मग ब्रेक दाबून गाडी पुढून आठ-दहा वेळा दाबावी आणि नळी पुसून पाहावी. आठवड्याने पुन्हा पाहावी.

करून पाहा

१. सुई काढलेल्या इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये गोडेतेल भरा. दट्ट्या आधी हळू आणि मग जोरात दाबा. वेग वाढला की विरोध कसा वाढतो ते हाताला कळेल. मग तेलाऐवजी पाणी भरून तुलना करा.

२. एक साधे रबरबँड आणि गॅरेजमधून आणलेल्या जुन्या ऑइल सीलच्या रबराचा तुकडा मोजून शिवणयंत्राच्या तेलात आठवडाभर बुडवून ठेवा. नंतर दोन्ही पुसून पुन्हा मोजा. सील साध्या रबराचे का करत नाहीत, याचे उत्तर तुमच्याच मोजपट्टीवर मिळेल.