पाटीवरील चार आकडे

बिबवेवाडीच्या रस्त्यावर परवा एक टँकरचालक वाहनाच्या पाठीवरील चिखलाने माखलेली पाटी ओल्या फडक्याने मन लावून पुसत होता, आणि पुसता पुसता तीवर १२०३ हा संयुक्त राष्ट्रांच्या यादीतील पेट्रोलचा क्रमांक आणि ‘३ वाय ई’ ही खूण उमटली. त्या खुणेतील तीनचा आकडा अग्निशामक जवानास फेस वापरण्याविषयी दुरूनच बजावतो. कारण पाण्याहून हलके असलेले पेट्रोल पाण्यावर तरंगत, जळत जळतच पसरते, आणि ज्वाळांत शिरून दस्तऐवज तपासण्यास त्या घटकेला कोणासही सवड नसते.

अशा इशाऱ्याचे मोल मुंबई इलाख्याने १४ एप्रिल १९४४ रोजी फार दारुण रीतीने जाणले. व्हिक्टोरिया गोदीतील ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजात कापसाच्या गाठी आणि सुमारे चौदाशे टन स्फोटके, ज्यांचा शेजार कधीही घडू नये असे हे दोन जिन्नस, एकत्र भरलेले होते; धोक्याचा लाल बावटा मात्र त्यावर नव्हता. दुपारी गाठींतून धूर निघाला, चारच्या सुमारास जहाजाच्या चिंधड्या उडाल्या. आग विझविताना साठाहून अधिक जवान कामी आले. अग्निशमन सेवा दिन त्यांच्याच स्मरणार्थ पाळतात.