श्वासरोध बुडी

श्वसनाचे कोणतेही साधन न वापरता, पृष्ठभागावर एकदाच घेतलेल्या श्वासावर पाण्यात स्थिर राहण्याचा, पाण्याखालून अंतर कापण्याचा किंवा खोलवर उतरून परत येण्याचा क्रीडाप्रकार. ‘फ्रीडायव्हिंग’ या इंग्रजी नावानेही तो भारतात ओळखला जातो. हवेची टाकी पाठीवर घेऊन केल्या जाणाऱ्या स्कूबा बुडीहून तो सर्वस्वी भिन्न आहे. या खेळातील यश मिनिटे आणि मीटर यांत मोजले जात असले, तरी पूर्ण शुद्धीवर राहून पृष्ठभागावर परतणे ही त्याची मूळ अट होय. ही अट न पाळणाऱ्याची कामगिरी, ती कितीही मोठी असली, तरी बाद ठरते. नवशिक्यांच्या प्रशिक्षणाची सर्व रचना याच अटीभोवती केलेली असते.

इतिहास : श्वास रोखून पाण्याच्या तळाशी जाणे हा प्रथम उपजीविकेचा भाग होता. मन्नारच्या आखातातील मोती व शंख काढणारे पाणबुडे, जपानमधील ‘आमा’ स्त्रिया आणि ग्रीक बेटांवरील स्पंज काढणारे पाणबुडे ही त्याची प्रसिद्ध उदाहरणे होत. १९१३ मध्ये हाज्जी स्टाटी या ग्रीक पाणबुड्याने कार्पाथॉस बेटाजवळ सु. ७५ मी. खोलीवर जाऊन एका इटालियन युद्धनौकेचा हरवलेला नांगर शोधून दिला. पॅरिस येथील ऑलिंपिक सामन्यांत (१९००) पाण्याखालून पोहण्याची शर्यत घेण्यात आली होती व ती फ्रान्सच्या शार्ल द व्हांदव्हीलने जिंकली. तथापि हा प्रकार पुढे चालू राहिला नाही. खोलीच्या आधुनिक विक्रमांची परंपरा १९४९ पासून मानतात. त्या वर्षी इटलीच्या रायमोंदो बूकरने ३० मी. खोली गाठली. त्या काळी इतक्या खोलीवर पाण्याच्या दाबाने छाती चेपून जाईल, असा समज होता. १९७६ मध्ये फ्रान्सच्या झाक मायॉलने एल्बा बेटाजवळ १०० मी. खोली गाठली, आपल्या तयारीत त्याने योगाभ्यासाचा उपयोग केला होता. पाण्याखालील क्रीडांची जागतिक संघटना ‘सीएमएएस’ १९५९ मध्ये, तर केवळ श्वासरोध बुडीसाठी असलेली ‘आयडा’ ही आंतरराष्ट्रीय संघटना १९९२ मध्ये स्थापन झाली. स्पर्धांचे नियम व विक्रमांची नोंद या दोन संस्था ठेवतात.

स्पर्धाप्रकार : तलावातील आणि खोल पाण्यातील असे दोन मुख्य वर्ग आहेत. तलावात पाण्यावर पालथे पडून श्वास रोखणे (स्थिर श्वासरोध) व पाण्याखालून आडवे अंतर कापणे (गतिमान श्वासरोध) हे प्रकार घेतात. दुसऱ्या प्रकारात पायांत दोन फिन, दोन्ही पायांना मिळून एकच रुंद फिन किंवा फिनविना असे पोटभेद आहेत. खोल पाण्यात उभ्या सोडलेल्या दोरीलगत उतरतात. उतरताना व चढताना कमरेचे वजन तेच ठेवले, तर ती स्थिरभार बुडी होय. ती फिनसह किंवा फिनविना करतात. हातांनी दोरी ओढत खाली-वर करणे हा आणखी एक प्रकार आहे. जड घसरगाडीने उतरून हवेच्या फुग्याने वर येण्याच्या ‘अमर्याद’ प्रकारात ऑस्ट्रियाच्या हेर्बर्ट निचने २००७ मध्ये २१४ मी. खोली गाठली, २०१२ मधील पुढच्या प्रयत्नात त्याला गंभीर इजा झाली. हा प्रकार नियमित स्पर्धांत घेतला जात नाही. स्थिर श्वासरोधात फ्रान्सच्या स्तेफान मिफ्सूदने २००९ मध्ये ११ मि. ३५ से., तर फिनविना स्थिरभार बुडीत न्यूझीलंडच्या विल्यम ट्रुब्रिजने २०१६ मध्ये १०२ मी. अशी नोंद केली. आयडाच्या गुणपद्धतीत खोलीच्या प्रत्येक मीटरला १, तलावातील अंतराच्या प्रत्येक मीटरला ०·५ आणि स्थिर श्वासरोधाच्या प्रत्येक सेकंदाला ०·२ गुण देतात.

शरीरातील बदल : श्वास रोखल्यावर काही वेळाने श्वास घेण्याची जी अनावर इच्छा होते, ती मुख्यतः ऑक्सिजन कमी झाल्यामुळे नसून रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइड वाढल्यामुळे होते. ती वाढत गेली की मध्यपटलाला झटके बसू लागतात. हे झटके त्रासदायक असले, तरी शुद्ध हरपण्याची ती खूण नव्हे. उलट, बुडीपूर्वी जोरजोराने व जलद श्वास घेतल्यास कार्बन डाय-ऑक्साइड आधीच कमी होतो. त्यामुळे शरीराची सूचना उशिरा मिळते किंवा मिळतच नाही. ऑक्सिजनचा साठा मात्र फारसा वाढत नाही. उत्तम पोहणारेही कमी खोलीच्या तलावात अचानक बेशुद्ध होऊन बुडतात, त्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

चेहरा थंड पाण्यात जाऊन श्वास थांबला की हृदयस्पंद मंदावतात, हातापायांच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावून रक्त हृदय व मेंदू यांकडे वळते आणि प्लीहा आकुंचित होऊन तांबड्या कोशिका रक्तप्रवाहात येतात. सील वगैरे सागरी सस्तन प्राण्यांत ही प्रतिक्रिया फार प्रभावी असते. माणसात ती सौम्य असली, तरी सरावाने अधिक उपयोगी पडते.

खोलीबरोबर दाब वाढून फुप्फुसांतील हवेचे घनफळ घटते. पृष्ठभागावर ६ लिटर असलेली हवा १० मी. खोलीवर ३ लिटर व ३० मी. खोलीवर दीड लिटर होते. पूर्ण उच्छ्वासानंतरही फुप्फुसांत जेवढी हवा उरते, साधारण तेवढीच ही असते. याहून खाली छातीतील रक्तवाहिन्यांत रक्त साठून दाब तोलला जातो. परंतु ही क्षमता कमी पडल्यास फुप्फुसांच्या सूक्ष्म वाहिन्या फुटून रक्तस्राव होतो. वर येताना वेगळाच धोका असतो. तळाशी दाबामुळे ऑक्सिजनचा आंशिक दाब पुरेसा राहतो. शेवटच्या १० मीटरांत एकूण दाब निम्मा होताच तोही झपाट्याने घसरतो. म्हणून बहुतेक मूर्च्छा तळाशी न येता पृष्ठभागाजवळ किंवा वर आल्यानंतरच्या काही सेकंदांत येतात.

नवशिक्यांचे प्रशिक्षण : प्रथम वैद्यकीय तपासणी आवश्यक असते. कान, नाक व त्यालगतच्या पोकळ्या, दमा, हृदयविकार आणि अपस्मार यांकडे विशेष लक्ष देतात. त्यानंतरचे शिक्षण तीन टप्प्यांत होते.

(१) जमिनीवरील सराव : सैल पडून पोटाने संथ श्वसन करणे, एक पूर्ण श्वास घेऊन तो रोखणे आणि मध्यपटलाचे झटके शांतपणे सोसणे हे प्रथम शिकवितात. सरावासाठी दोन प्रकारची कोष्टके वापरतात. एकात श्वास रोखण्याचा काळ तोच ठेवून मधली विश्रांती कमी करीत जातात, उदा., दीड मिनिटाचे आठ श्वासरोध आणि दोन मिनिटांपासून दर खेपेस १५ सेकंदांनी घटणारी विश्रांती. यामुळे कार्बन डाय-ऑक्साइड सोसण्याची सवय होते. दुसऱ्यात विश्रांती कायम ठेवून श्वासरोध वाढवितात. ही कोष्टके जमिनीवरच करावयाची असतात. एकट्याने पाण्यात करणे सर्वथा वर्ज्य होय.

(२) तलावातील सराव : अंतरापेक्षा शरीराचा सरळपणा, कमरेपासून मारलेली संथ लाथ आणि पाण्यात न तरंगता न बुडता राहील असे वजन यांवर भर देतात. वर आल्यावर मोठा उच्छ्वास न टाकता लगेच श्वास घेणे, तो क्षणभर धरणे, थोडाच सोडणे व पुन्हा घेणे, असे श्वसन तीन-चार वेळा करण्याची सवय लावतात. प्रत्येक बुडीनंतर, ती सोपी असली तरी, हे करावयाचे असते. कारण थकव्यात केवळ सवयच उपयोगी पडते. प्राथमिक पातळीवर सु. दोन मिनिटांचा श्वासरोध व ४० मी. आडवे अंतर एवढी अपेक्षा असते आणि बहुतेक निरोगी पोहणाऱ्यांना ती साध्य होते.

(३) खोलीचा सराव : येथे नवशिक्याला अडवितो तो बहुधा श्वास नव्हे, तर कान होय. कर्णपटहाच्या आतील व बाहेरील दाब सारखा ठेवण्यासाठी नाक दाबून छातीने हवा लोटण्याची व्हाल्साल्व्हा पद्धत डोके खाली असताना लवकरच निकामी ठरते. तिच्याऐवजी जिभेच्या मुळाने तोंडातील हवा कानाकडे ढकलण्याची फ्रेंझेल पद्धत आरशासमोर, जमिनीवर शिकून घ्यावी लागते. काही मीटर खाली शरीर जड होऊन आपोआप घसरू लागते. त्या वेळी मान न वळविता, तळाकडे न पाहता सैल राहणे हे कौशल्य असते. खोली एकदोन मीटरांनीच वाढवितात व तीच खोली अनेक दिवस सहज जमल्याखेरीज पुढे जात नाहीत. दोन बुड्यांमधील विश्रांती बुडीच्या काळाच्या निदान दुप्पट असावी. कान दुखणे, खोकल्यातून रक्त येणे किंवा क्षणभरही शुद्ध हरपणे, यांपैकी काही घडल्यास सराव थांबवून वैद्याचा सल्ला घेतात.

सर्व टप्प्यांत जोडीदाराची पद्धत पाळली जाते : एक बुडी मारतो तेव्हा दुसरा वरच राहतो, शेवटच्या भागात त्याला सामोरा जातो आणि वर आल्यावरही सु. अर्धा मिनिट त्याच्यावर नजर ठेवतो. मूर्च्छित व्यक्तीचे तोंड पाण्याबाहेर धरणे, मुखवटा काढणे, गालांवर फुंकर घालून तिला हाक मारणे आणि गरज पडल्यास कृत्रिम श्वास देणे, हे स्वतःच्या पहिल्या खोल बुडीपूर्वी शिकावे लागते.

स्पर्धा व राष्ट्रीय विक्रम : स्पर्धक आपले उद्दिष्ट आधी जाहीर करतो. खोलीच्या स्पर्धेत तळाच्या थाळीवरील खूणपट्टी आणावी लागते. मनगटाची सुरक्षादोरी मुख्य दोरीला जोडलेली असते आणि सुरक्षा पाणबुडे परतीच्या वाटेवर भेटतात. वर आल्यावर १५ सेकंदांत मुखवटा किंवा नाकाची चिमटी काढणे, हाताने ठीक असल्याची खूण करणे आणि तसे तोंडाने सांगणे, या क्रिया क्रमाने करावयाच्या असतात. त्या पुऱ्या झाल्या आणि अन्य दोष नसला, तर पंच पांढरे पत्र दाखवितात. मूर्च्छा आल्यास तांबडे. मान्यताप्राप्त पंचांसमोर झालेली कामगिरीच राष्ट्रीय विक्रम म्हणून नोंदली जाते.

ज्या देशांत या खेळाचे खेळाडू थोडे असतात, तेथे राष्ट्रीय विक्रमाचे आकडेही लहान असतात. त्यामुळे दोनतीन वर्षांच्या खेळाडूलाही विक्रम दृष्टिपथात येतो आणि शरीर तयार होण्यापूर्वीच आकड्याचा मोह पडतो. स्नायू व इच्छाशक्ती लवकर तयार होतात. फुप्फुसे, छातीचा पिंजरा आणि रक्तवाहिन्या यांना वर्षे लागतात. हा मोह केवळ लहान देशांपुरता नाही. अमेरिकेचा निकोलस मेव्होली अल्पकाळातच या खेळात पुढे आला होता. १७ नोव्हेंबर २०१३ रोजी बहामा बेटांवरील स्पर्धेत फिनविना ७२ मी. या राष्ट्रीय विक्रमाच्या प्रयत्नानंतर तो शुद्धीवर वर आला. परंतु थोड्याच वेळात बेशुद्ध होऊन फुप्फुसांच्या इजेने मरण पावला. आधीच्या बुड्यांतही त्याला रक्तस्राव झाला होता. अनुभव हेही पुरेसे संरक्षण नव्हे : अनेक जागतिक विक्रम करणारी रशियाची नताल्या मोल्चानोव्हा २ ऑगस्ट २०१५ रोजी स्पेनच्या फॉर्मेंतेरा बेटाजवळ साध्या बुडीत नाहीशी झाली. यामुळे चांगला प्रशिक्षक नवशिक्याला विक्रमाची तारीख ठरवून देत नाही. अर्ध्यातून परत फिरणे हे तो अपयश न मानता शिक्षणाचा भाग मानतो.

महाराष्ट्रातील परिस्थिती : श्वास रोखण्याच्या शास्त्रीय अभ्यासाची महाराष्ट्रात जुनी परंपरा आहे. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळा येथे कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली. प्राणायामात ऑक्सिजन व कार्बन डाय-ऑक्साइड यांच्या प्रमाणात काय फरक पडतो, याची मोजमापे तेथे घेण्यात आली आणि ती योग-मीमांसा या नियतकालिकातून प्रसिद्ध झाली. कुंभकाचा अभ्यास हळूहळू वाढवावा, ही योगग्रंथांची शिकवण या खेळालाही लागू पडते. मात्र एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे : जमिनीवर शुद्ध हरपल्यास श्वास आपोआप पुन्हा सुरू होतो, पाण्यात तोच पहिला श्वास घातक ठरतो.

कोकणच्या किनाऱ्यालगत समुद्र उथळ असून पावसाळ्यात तो बुडीसाठी बंदच असतो. तारकर्ली (सिंधुदुर्ग जिल्हा) येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा व जलक्रीडा प्रशिक्षण संस्था आहे. विजयदुर्गच्या पश्चिमेस सु. १०० किमी. वर असलेल्या, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंग्रिया या बुडालेल्या पठाराचा माथा सु. २० मी. खोलीवर आहे, परंतु ते नित्याच्या सरावासाठी फार दूर पडते. म्हणून खोलीच्या सरावासाठी भारतीय खेळाडू अंदमान, लक्षद्वीप किंवा ईजिप्त, इंडोनेशिया, फिलिपीन्स येथे जातात.

समुद्रापासून दूर असलेल्या चंद्रपूर–गडचिरोलीसारख्या वनप्रदेशात पाण्याशी परिचय कमी नाही. येथील ढीवर व भोई समाज नद्या आणि माजी मालगुजारी तलाव यांवर मासेमारी करतात व बुडालेल्यांच्या शोधासाठी अनेकदा त्यांनाच पाचारण केले जाते. मात्र चंद्रपूरच्या महाऔष्णिक विद्युत् केंद्राला व त्यालगतच्या ऊर्जानगर वसाहतीच्या परिसराला जवळ असलेले इरई धरण, किंवा तत्सम जलाशय, खोलीच्या सरावाला योग्य नव्हेत : पाणी गढूळ असते, तळाशी बुडालेली झाडे व जाळी असू शकतात आणि मूर्च्छित माणूस वरून दिसत नाही. तथापि पहिले दोन टप्पे, म्हणजे प्रशिक्षणाचा मोठा भाग, कोणत्याही देखरेखीखालील पोहण्याच्या तलावावर पुरे करता येतात. तलावातील स्पर्धांना समुद्राची गरजच नसते. स्थानिक उणीव टप्प्याटप्प्याच्या तयारीने भरून काढता येते, याचे उदाहरण याच जिल्ह्यात आहे. ‘मिशन शौर्य’ या उपक्रमात चंद्रपूर जिल्ह्यातील आदिवासी आश्रमशाळांच्या विद्यार्थ्यांना भोंगीर, दार्जिलिंग व लडाख येथे क्रमाने शिक्षण देण्यात आले आणि मे २०१८ मध्ये त्यांपैकी पाच जण एव्हरेस्टवर पोहोचले. विरळ हवेचा पर्वत असो वा श्वासाविना पाणी असो, ऑक्सिजनच्या उणिवेला शरीर घाईने सरावत नाही. म्हणून राष्ट्रीय विक्रम हा प्रशिक्षणाचा हेतू न मानता, ते नीट झाल्याचा उशिरा मिळणारा परिणाम मानणे इष्ट होय.