ग्राफिक्स कार्ड घेताना आधी ड्रायव्हर पाहा

मुलांसाठी जुने ग्राफिक्स कार्ड घ्यावे का, असे बुधवाऱ्यातील सभासद आम्हाला विचारतात. जळगाव-इंदूरला ती स्वस्त मिळतात. आम्ही मात्र किमतीआधी ड्रायव्हर पाहायला सांगतो. ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि कार्ड यांच्यातला दुभाषा. तो गडबडला की चांगल्या कार्डावरही स्क्रीन काळी पडते.

एनव्हिडियाने जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकांसाठी नवे गेम ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवले. ऑक्टोबर २०२८ पर्यंत दर तिमाहीला फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतील. म्हणून जीटीएक्स १०६० अभ्यासाला, जुन्या गेम्सना चालेल. नव्या गेम्ससाठी त्यात पैसे घालू नयेत. नावात साम्य असले तरी जीटीएक्स १६५० नंतरच्या पिढीचे आहे, त्याला नियमित ड्रायव्हर मिळतात.

इंटेलची आर्क कार्डे २०२२ मध्ये आली तेव्हा जुन्या गेम्समध्ये अडखळत. पुढच्या ड्रायव्हरांनी बरीच सुधारणा झाली. तरी ‘रिसाइझेबल बार’ची सोय नसलेल्या जुन्या मदरबोर्डवर ती घेऊ नका. लिनक्स वापरणाऱ्यांना एएमडी सोयीचे, कारण त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो. गणेशोत्सवाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्यांनी एनव्हिडियाचा ‘स्टुडिओ’ ड्रायव्हर घ्यावा.

दुकानात उभे असतानाच मोबाइलवर कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या शेवटच्या ड्रायव्हरची तारीख पाहा. वर्षभर जुनी असेल तर दुसरे कार्ड दाखवायला सांगा.