जुनाट कंबरदुखी आणि भौतिकोपचार : अंबरनाथ पूर्वच्या संदर्भात

अंबरनाथ पूर्व येथून लोकलने उभ्याने मुंबई गाठणाऱ्या नोकरदारास वा आनंदनगर औद्योगिक वसाहतीतील कामगारास कंबरदुखी जडली, की भौतिकोपचार म्हणजे ‘शेक’ व ‘करंट’ असाच बहुधा त्याचा समज असतो. वस्तुतः जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये, विशिष्ट कारण न आढळणाऱ्या जुनाट कंबरदुखीसाठी व्यायाम व रुग्णशिक्षण यांची शिफारस केली. ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंड व टेन्स हे उपचार नेहमीचे म्हणून देऊ नयेत, असे सुचविले. यंत्राखाली रुग्ण केवळ पडून राहतो. व्यायामाने स्नायूंवरील भार क्रमाक्रमाने वाढून ते बळकट होतात व हालचालीची भीती ओसरते. परंतु व्यायाम घरी, रोज करावयाचा असतो. पहाटेची गाडी पकडणाऱ्यास तेवढी उसंत कोठून? साहजिकच शेक संपताच उपचारही सुटतो. पाय लुळा पडणे, लघवीवरील ताबा जाणे अशी लक्षणे असल्यास मात्र व्यायामापूर्वी तातडीची वैद्यकीय तपासणी अपरिहार्य ठरते.