जुन्या मोटारींच्या इंधन टाकीतील गंज

जुन्या मोटारींच्या इंधन टाकीतील गंज म्हणजे पोलादी टाकीच्या आतील पृष्ठभागावर पाणी व ऑक्सिजन यांच्या क्रियेने साचणारा लोहाच्या ऑक्साइडचा थर होय. प्रीमियर पद्मिनी, हिंदुस्तान अँबॅसॅडर यांसारख्या जुन्या गाड्यांच्या टाक्या पोलादी पत्र्याच्या असत. अनेक देशांत अशा टाक्यांच्या पत्र्यावर शिसे व कथिल यांच्या मिश्रधातूचा मुलामा दिला जाई. पुढे प्लास्टिकच्या टाक्या प्रचारात आल्यावर ही समस्या कमी झाली.

कारणे

टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी दीर्घकाळ उभी राहिल्यास टाकीतील हवेतल्या बाष्पाचे दिवस-रात्रीच्या तापमानबदलामुळे पाणी होते. पेट्रोलपेक्षा जड असल्याने ते तळाशी साचते व तेथून गंज सुरू होतो. मुंबई आणि कोकणपट्टीच्या दमट हवामानात हा धोका अधिक असतो. इथेनॉल पाणी शोषून घेते. पाण्याचे प्रमाण मर्यादेपलीकडे गेल्यास इथेनॉल व पाणी यांचा थर पेट्रोलपासून वेगळा होऊन तळाशी जातो. भारतात जून २०२२ मध्ये पेट्रोलमधील इथेनॉलच्या मिश्रणाचे प्रमाण सरासरी १० टक्क्यांवर पोहोचले.

लक्षणे

इंधन गाळणीत तांबूस गाळ दिसणे, वेग वाढवताना इंजिन अडखळणे, गाळणी बदलल्यावर थोड्याच दिवसांत ती पुन्हा तुंबणे आणि टाकीखाली ओल किंवा पेट्रोलचा वास येणे ही प्रमुख लक्षणे आहेत. गंजाचे सूक्ष्म कण कार्बोरेटरच्या बारीक छिद्रांत अडकतात. त्यामुळे केवळ कार्बोरेटर साफ केल्याने दोष दूर होत नाही.

रिकाम्या टाकीचा धोका

पेट्रोलची वाफ हवेत घनफळाने सुमारे १.४ ते ७.६ टक्के असताना पेट घेऊ शकते. भरलेल्या टाकीत द्रवाच्या वरच्या जागेत वाफ सहसा या मर्यादेहून दाट असते. टाकी उपसल्यावर मात्र उरलेल्या थोड्या पेट्रोलची वाफ हवेत मिसळते आणि मिश्रण स्फोटक होऊ शकते. म्हणून रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोकादायक ठरू शकते. ही वाफ हवेहून जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीनेही पेटू शकते. पाण्याने एकदा धुतलेल्या टाकीच्या सांध्यांत व गंजाच्या थरांतही पेट्रोल शिल्लक राहू शकते.

दुरुस्तीची पद्धत

काम मोकळ्या हवेत, आगीच्या सर्व स्रोतांपासून दूर केले जाते. प्रथम बॅटरीची जोडणी काढून पेट्रोल हातपंपाने धातूच्या बंद डब्यात काढतात. त्यानंतर टाकी उतरवून इंधनपातळी दर्शक काढला जातो आणि साबणाच्या गरम पाण्याने टाकी अनेकदा धुतली जाते. सैल गंज काढण्यासाठी आत लहान खडी किंवा साखळी घालून टाकी हलवतात.

चिकटलेला गंज काढण्यासाठी सौम्य फॉस्फरिक किंवा सायट्रिक आम्ल वापरतात. फॉस्फरिक आम्लामुळे गंजाचे लोह फॉस्फेटात रूपांतर होते. तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल मात्र चांगला पत्राही खाते. धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात विद्युत अपघटन करणे हा दुसरा मार्ग आहे. त्यात टाकी ऋण टोकाला, तर तिला न टेकणारी लोखंडी सळई धन टोकाला जोडतात. या क्रियेत ज्वलनशील हायड्रोजन वायू बाहेर पडतो. स्टेनलेस स्टीलची सळई वापरल्यास विषारी क्रोमियम संयुगे तयार होऊ शकतात. स्वच्छ केलेला ओला पत्रा थोड्याच वेळात पुन्हा गंजतो. त्यामुळे टाकी तत्काळ कोरडी करणे आवश्यक असते.

बारीक छिद्रे सोल्डरिंगने बुजवता येतात. मात्र उष्णतेचे कोणतेही काम टाकी पूर्णपणे वाफमुक्त केल्याशिवाय सुरक्षित नसते. ते अनुभवी कारागिराकडेच सोपवले जाते. मुलाम्यातील शिशामुळे घासकामाची धूळही विषारी असते. आतून लावायचे इपॉक्सी अस्तर इथेनॉलला टिकणारे असावे लागते. गंजावर ते लावल्यास काही काळाने सुटून इंधनमार्ग तुंबवते. पत्रा टोचणीने सहज भेदला जात असेल, तर टाकी बदलणेच योग्य ठरते.

दुरुस्तीनंतर

टाकी बसवण्यापूर्वी इंधन नळ्या, गाळणी व कार्बोरेटर स्वच्छ केले जातात किंवा गरजेनुसार बदलले जातात. जुने रबर इथेनॉलमुळे खराब होऊ शकते. त्यामुळे नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या असाव्या लागतात. इंजिन सुरू करण्यापूर्वी सर्व जोड गळतीसाठी तपासतात. उरलेले कण येत असल्याने सुरुवातीच्या काळात गाळणी वारंवार पाहावी लागते. गाडी दीर्घकाळ उभी ठेवायची असल्यास टाकी जवळजवळ भरून ठेवल्याने आतील हवा व बाष्प कमी होते आणि गंज पुन्हा धरण्याची शक्यता घटते.